ही बाई डॉक्टर नाही

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलंही, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं, इतकंच. आज बसले आहे. पण मी पडले इतिहासाची मास्तरीण, त्यामुळे सरळ स्वतःवर येणं काही जमायचं नाही, आधी सनावळ्या होणारच. कंटाळा आला तर मधलं ओलांडून जा, पण शेवटचं वाचा. विशेषतः नात्यातल्यांनी.

आमचे हे २०२२ च्या डिसेंबरात गेले. पुढच्या मे महिन्यात लेक मला न्यू जर्सीला घेऊन गेली, सहा महिन्यांसाठी. सांगलीचं घर विकून टाकावं आणि मी कायमची तिकडे यावं असं तिचं म्हणणं. मी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. खरं सांगायचं तर मी काहीच म्हणत नव्हते. दोन-दोन दिवस पोळ्या आणि 'हं' यापलीकडे माझ्याकडून काही निघायचं नाही. मग एके दिवशी लेकीने सांगितलं, "आई, मी तुझ्यासाठी एका थेरपिस्टची वेळ घेतली आहे. कॉम्प्युटरवरच बोलायचं. मराठी येतं तिला थोडं थोडं."

मी विचारलं, "डॉक्टर आहे का?"

"नाही गं. क्लिनिकल सोशल वर्कर आहे. लाइफ ट्रान्झिशन्समध्ये काम करते."

मला राग आला. सोशल वर्कर म्हणजे समाजसेविका. माझ्या डोळ्यांसमोर खादीची साडी, खांद्याला शबनम, आणि हातात पूरग्रस्तांच्या याद्या असं चित्र. सांगलीला पूर काही नवा नाही, तेव्हा अशा बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मी काय पूरग्रस्त होते? माझं घर शाबूत, पेन्शन चालू, लेक जवळ. मला समाजसेविका कशाला?

लेक म्हणाली, "तू इतिहासाची ना? मग शोध की, ही मंडळी कुठून आली ते." लबाड आहे. मला कुठे खाज सुटते ते तिला बरोबर ठाऊक.

तर शोधलं. आणि जे सापडलं ते सांगते.

१८८९ साल घ्या. त्या वर्षी मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवा आणि अनाथ मुलींसाठी. त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी 'हल हाउस' उघडलं, परदेशातून आलेल्या गरीब कामगारांच्या वस्तीत स्वतः राहायला जाऊन. आणि त्याच वर्षी बाल्टिमोर शहरात मेरी रिचमंड नावाची एक तरुण बाई एका धर्मादाय संस्थेत हिशेबाच्या कामाला लागली. या तीनही बायका आपापल्या जागी मोठ्या, पण माझ्या गोष्टीत महत्त्वाची आहे ती ही हिशेब ठेवणारी.

त्या काळी तिकडे मदत देणाऱ्या संस्थांमधून 'मैत्रीपूर्ण भेटी' देण्याची पद्धत होती. बऱ्या घरातल्या बाया गरिबाघरी जायच्या, चौकशी करायच्या आणि बहुतेक वेळा उपदेश करून परत यायच्या. (हा प्रकार आपल्याकडेही चालतो, फक्त त्याला मैत्रीपूर्ण म्हणत नाहीत.) मेरी रिचमंडने यातला उपदेश बाजूला काढायला घेतला आणि चौकशीला शिस्त लावली. माणूस अडचणीत आहे म्हणजे तो आळशी किंवा पापी आहे असं धरून चालायचं नाही. त्याच्याशी बोला, घरच्यांशी बोला, शेजारी, शाळा, मालक, दवाखाना, सगळीकडून माहिती गोळा करा, पुरावा तपासा, आणि मग ठरवा नेमकं काय बिघडलं आहे. १९१७ साली तिचं 'सोशल डायग्नोसिस' हे जाडजूड पुस्तक आलं. डायग्नोसिस हा डॉक्टरांचा शब्द तिने उचलला, पण निदान करायचं ते माणसाच्या परिस्थितीचं. हे वाचताना मला ऐतिहासिक साधनांची चिकित्सा आठवली. बखर, पत्र, कागद, शेजारच्या दरबारातली नोंद... कामाची पद्धत एकच की!

मग ही माणसं मनाच्या दवाखान्यात कशी शिरली? बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आलं होतं, की रुग्णाला औषध लिहून द्यावं आणि त्याच्या घरी काय चाललं आहे ते माहीतच नसावं, म्हणजे अर्धाच उपचार. त्यांनी १९०५ मध्ये दवाखान्यात समाजकार्यासाठी माणूस नेमला. पुढे त्याच शहरात मनोरुग्णांच्या इस्पितळात मेरी जॅरेट या बाईंनी तेच काम मनाच्या आजारांसाठी उभं केलं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध. खंदकांतून परत येणारे सैनिक थरथरत होते, बोलत नव्हते, झोपत नव्हते. त्यांच्यासाठी हात कमी पडायला लागले, म्हणून १९१८ च्या उन्हाळ्यात स्मिथ कॉलेजात खास शिक्षणवर्ग निघाला. समाजसेविका आणि मानसोपचार यांची गाठ तिथे पक्की बसली. अमेरिकेत आज मनाच्या तक्रारी घेऊन जाणाऱ्याला समोर डॉक्टरापेक्षा क्लिनिकल सोशल वर्कर भेटण्याची शक्यता जास्त. मास्टर्सची पदवी, त्यानंतर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काही वर्षं काम, परीक्षा, आणि मग राज्याचा परवाना. शबनम कुठेच नाही!

आपल्याकडेही हे लवकर आलं होतं, हे मला मुळीच माहीत नव्हतं. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या प्रेरणेने आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने १९३६ साली नागपाड्यातच समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था निघाली. तीच पुढे १९४४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. तिथे १९३७ मध्येच मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी केंद्र होतं. म्हणजे आमचा जन्मही व्हायच्या आधी. आणि मी अडतीस वर्षं शिकवलं, पण वर्गातलं एखादं पोर वर्षभर गप्प बसलं तर त्याला पाठवायला अशी काही जागा असते हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशी दोन-तीन पोरं अजून डोळ्यांसमोर आहेत. असो.

आता 'लाइफ ट्रान्झिशन्स'. आयुष्यातली स्थित्यंतरं म्हणूया. आपल्याकडे चार आश्रमांची सोय आहे, पण नीट पाहिलं तर ती पुरुषांची. बाई वानप्रस्थात गेली तरी नवऱ्यामागून. नवरा गेल्यावर तिचा आश्रम कोणता, याला उत्तर होतं, पण ते कसलं उत्तर होतं ते रमाबाईंना विचारा. तिकडे १९५० साली एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. प्रत्येक पायरीवर एक पेच. हे गृहस्थ व्हिएन्नात शाळामास्तर होते आणि त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, हे वाचून मला फार बरं वाटलं. ऐंशी-नव्वदीत काय होतं याची नववी पायरी त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने, जोन यांनी जोडली. त्या तेव्हा स्वतः नव्वदीत होत्या. बायकांनाच शेवटची झाडलोट करावी लागते.

१९६७ मध्ये होम्स आणि राही या दोन डॉक्टरांनी तर चक्क गुणपत्रिका काढली. आयुष्यात घडणाऱ्या ४३ गोष्टी आणि प्रत्येकीचे ताणाचे गुण. जोडीदाराचा मृत्यू, पैकीच्या पैकी १००. लग्नाला ५०. निवृत्तीला ४५. मूल घर सोडून जाणं २९. राहतं घर बदलणं २०. वीस! ज्यांनी हे गुण दिले त्यांनी सांगलीतलं बेचाळीस वर्षांचं घर कधी आवरलेलं दिसत नाही. मी पेपर तपासणारी बाई आहे, हे गुण मी वाढवून दिले असते.

पण या सगळ्यात ज्या ठिकाणी मी थांबले ते बोस्टन शहर आणि १९४२ साल. २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइटक्लबला आग लागली. गर्दी खच्चून, सजावट पेट घेणारी, मुख्य दार गोल फिरणारं, ते माणसांच्या रेट्याने अडकलं, बाजूची दारं बंद. ४९२ माणसं गेली. जी वाचली त्यांच्या भाजलेल्या जखमांवर उपचार करताना डॉक्टरांना दिसलं, की कातडी भरून येते आहे पण माणूस भरून येत नाही. म्हणून एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं गेलं. त्यांनी वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलून १९४४ मध्ये एक निबंध लिहिला. दुःखात घसा आवळतो, सुस्कारे येतात, अन्न मातीसारखं लागतं, माणूस उगीच इकडचं तिकडे करत राहतो, जवळच्यांवर चिडतो, आणि आपलं काय चुकलं ते शोधत बसतो. हे वेड नाही, दुःखाचं हे कामच आहे, ते करावं लागतं, आणि कुणी सोबत बसलं तर होतं. आठ-दहा बैठकींत पुष्कळ साधतं, असं त्यांनी लिहिलं. पुढे हेही लिहिलं, की प्रत्येकाला मानसोपचारतज्ज्ञ कुठून मिळणार, तेव्हा हे ज्ञान समाजसेवकांना आणि धर्मगुरूंना द्यायला हवं.

त्या निबंधाच्या काळातली एक हकिगत आहे. एक तरुण त्या आगीतून वाचला, बायको गेली. तिला ओढून बाहेर काढताना तो बेशुद्ध पडला होता. जखमा बऱ्या झाल्या, घरी गेला, आणि परत आणावं लागलं. सारखं एकच, मी तिला वाचवायला हवं होतं. एके दिवशी त्याने इस्पितळाच्या बंद खिडकीतून स्वतःला झोकून दिलं.

हे वाचून मी कॉम्प्युटर बंद केला आणि लेकीला म्हटलं, घे माझी वेळ.

ऑनलाइनचंही थोडं सांगायला हवं, कारण मला वाटायचं हे सगळं करोनाने आणलं. तसं नाही. दुरून मनाचा उपचार करायची धडपड जुनी आहे. फ्रॉइडने १९०९ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाच्या घोड्यांच्या भीतीवर लिहिलं. त्या मुलाला तो उपचाराच्या काळात एकदाच भेटला, बाकी सगळं मुलाच्या वडिलांच्या टिपणांवरून. आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. त्यात वाचकांच्या शंका आणि कर्व्यांची उत्तरं असत, आणि त्या उत्तरांपायी त्यांना १९३४ मध्ये कोर्टात उभं राहावं लागलं. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, पण ज्या माणसाला घरात, गावात कुणालाच काही विचारता येत नव्हतं त्याने पोस्टाच्या पाकिटातून विचारलं, हे काय कमी आहे? लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने १९५३ साली चर्चमध्ये फोन ठेवला, आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी. लोक भेटायलाही यायचे, रांग लागायची, आणि मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची. व्हारांच्या लक्षात आलं, की बरेच जण चहा देणाऱ्याशी बोलूनच मोकळे होऊन घरी जाताहेत. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात दुहेरी टीव्ही लावून मानसोपचाराचे प्रयोग झाले, आणि १९६४ मध्ये ११२ मैलांवरचं मनोरुग्णालय तसंच जोडलं गेलं. म्हणजे मी लॅपटॉपपुढे बसले तो प्रकार जवळजवळ माझ्याच पिढीचा. मुंबईतल्या टाटा संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' सुरू करून फोन आणि ईमेलवर समुपदेशन दिलं, तेही करोनाच्या आधीच.

नातू म्हणाला, आजी, कॉम्प्युटरशीच बोल ना, तो फी घेत नाही. त्याला सांगितलं की १९६६ मध्ये एमआयटीत वाइझेनबाउम यांनी असा कार्यक्रम केला होता, 'एलायझा'. तुम्ही म्हणाल तेच प्रश्न करून परत विचारायचा. त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलता बोलता साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? वाइझेनबाउम यांना या गोष्टीची इतकी धास्ती वाटली, की पुढे त्यांनी यंत्राने काय करू नये यावरच पुस्तक लिहिलं.

तर मंगळवारी सकाळी अकरा, नातवाची खोली, दार बंद. तिचं ऑफिस तासाभराच्या अंतरावर, मला गाडी येत नाही आणि तिकडे रिक्षा नाही, म्हणून पडद्यावर. फी ऐकून मी मनात रुपये केले आणि गप्प बसले. ती पस्तिशीची असेल. जन्म तिकडचाच, आजी दादरची. मराठी मोडकं पण गोड. "तुम्हाला काकू म्हणू का?" असं आधी विचारलं. पहिल्या तीन मंगळवारी मी तिला शाळेबद्दल सांगितलं, सांगलीच्या हळदीबद्दल सांगितलं, गणपतीच्या देवळाबद्दल सांगितलं. तिने घाई केली नाही. चौथ्या मंगळवारी मी तिला ती रात्र सांगितली.

वन्सं, भाऊजी, आता हे तुमच्यासाठी. मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की हे झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. ते खरं नाही. रात्री साडेदहाला यांनी मला सांगितलं होतं, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, संध्याकाळी बटाट्याची भजी खाल्लीत, होणारच, सोडा घ्या आणि पडा. त्यांनी घेतला. मी दिवा मालवला. पहाटे चारला मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने, आणि डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. सहा महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही, लेकीलाही नाही. तेराव्याला तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालात, "पुण्यवान माणूस, झोपेत गेला," तेव्हा मी मान हलवली.

तिने ऐकून घेतलं. तुमची चूक नव्हती वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी पुढच्या मंगळवारी बसले नसते. तिने विचारलं, "काकू, साडेदहा वाजता तुम्हाला काय काय माहीत होतं?"

मी सांगायला लागले. पंधरा वर्षांचं पित्त. दिवाळीनंतरच्या तपासणीत ईसीजी चांगला आला होता. आदल्या महिन्यातही असंच जड वाटलं होतं, सोड्याने गेलं होतं. जेवण नीट झालं होतं. घाम नव्हता, हात दुखत नव्हता, मी विचारलं होतं. "आणि चार वाजता काय कळलं?" ते निराळं होतं.

आणि मग मी बोलता बोलता पानिपतात शिरले. दरवर्षी वर्गात एखादा पोरगा उठून विचारायचाच, "बाई, भाऊ कुंजपुऱ्याला कशाला गेले? मागे अब्दालीने यमुना ओलांडली ना!" आणि दरवर्षी मी फळ्यावर नकाशा काढून, नदी आखून सांगायची, अरे, १७६० च्या ऑक्टोबरात भाऊंना हे ठाऊक नव्हतं. पुराच्या पाण्यात एवढी फौज नदी उतरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तुला १४ जानेवारीला काय झालं ते माहीत आहे, म्हणून तू शहाणा. अडतीस वर्षं मी हे पोरांना सांगितलं. त्या बिचारीला पानिपत माहीत नव्हतं, पंचेचाळीस मिनिटांतली वीस तिकडेच गेली, लेकीच्या डॉलरात. तिने मधेच थांबवलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, "मग हे तुम्ही स्वतःला कधी शिकवणार?" मी काही उत्तर दिलं नाही. रडले मात्र, नातवाच्या क्रिकेटच्या चित्रांखाली बसून.

पहाटे चारला जाग अजून येते. पूर्वी मी सहापर्यंत आढ्याकडे बघत बसायची. आता उठून चहा करते.

नोव्हेंबरात परत यायची वेळ आली तेव्हा कळलं, हे इथून पुढे चालणार नाही. तिचा परवाना त्या राज्याचा. बोलणारा माणूस बोलताना ज्या राज्यात बसला असेल तिथला परवाना लागतो. तार समुद्रापार जाते, परवाना नदीसुद्धा ओलांडत नाही. तिकडच्या काही राज्यांनी आता एकमेकांचे परवाने मानायचा करार केला आहे म्हणे, पण त्यात सांगली कुठून येणार! आपल्याकडे याच्या उलट. क्लिनिकल सोशल वर्करचं नाव कायद्यात आलं तेच मुळी २०२१ मध्ये. तोवर पाटी लावायला कुणालाही मोकळीक. फोनवर मात्र २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, १४४१६ नंबर, मराठीतून बोलता येतं. हा नंबर मी आमच्या जुन्या शाळेत जाऊन फळ्यावर लिहून आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, असू द्या.

शेवटच्या मंगळवारी ती म्हणाली, आता ही रात्र आणखी कुणाला सांगावीशी वाटते का, याचा विचार करा. लेकीला विमानतळावर जाताना गाडीतच सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली होती. तुम्हाला समोर बसून सांगायचं म्हणून दोनदा मिरजेला येऊन गेले, वन्सं, दोन्ही वेळा तुम्ही पुरणपोळी केलीत आणि मी खाऊन परत आले. म्हणून हे लिहिलं.

घर विकलेलं नाही. सध्या पुढची खोली कॉलेजच्या दोन मुलींना दिली आहे. येत्या रविवारी मी पुन्हा मिरजेला येते आहे, सकाळच्या गाडीने. पुरण घालू नका. आधी बोलू.